दोघांचं शीड

बाबा गेल्यावर दादाने आणि मी वाटून घेण्यासारखं सगळं वाटून घेतलं. बोट वाटता येत नव्हती, म्हणून ती दोघांची राहिली. चौदा फुटांची, दोन माणसं बसतील एवढी शिडाची बोट. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांनी ती वर्षानुवर्षं दिल्लीत ओखल्याला यमुनेत चालवली आणि तिथलं पाणी जलपर्णीने गच्च भरल्यावर ट्रकवर घालून हरियाणात सोहन्याजवळ दमदमा तलावावर नेऊन ठेवली. दर रविवारी ते मागे सुकाणू धरून बसायचे आणि मी पुढे बसून लहान शिडाची दोरी सांभाळायचे. दादा कॉलेजात गेला तेव्हापासून बोटीकडे फिरकलाही नव्हता.

बाबांनंतर तो अचानक यायला लागला. तेव्हा तो गुडगावातल्या एका परदेशी कंपनीत होता आणि तिथल्याच एका नव्या सोसायटीत आठव्या मजल्यावर राहायचा. मी दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरी करत होते, आईबरोबर रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. पहिल्याच रविवारी तो सरळ मागे जाऊन सुकाणूपाशी बसला. मला विचारलं नाही. मी पुढे बसले आणि दिवसभर त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या एप्रिलमध्ये धुळीची आंधी आली आणि जुनं मोठं शीड वरपासून खालपर्यंत फाटलं. नवीन शिवून घ्यायचं ठरलं. फरीदाबादला नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. नौदलात ते शिडं शिवायचंच काम करत असत. आता एका शेडमध्ये तंबू आणि ट्रकची ताडपत्री शिवायचे, पण ओळखीतून कोणी आलं तर शीडही करून द्यायचे. दादाने गाडी काढली. रस्ताभर तो समोर बघत होता, मी खिडकीबाहेर.

शेडमध्ये गुळगुळीत लाकडी जमीन होती. आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या. म्हातारबुवांनी पेन्सिल घेतली, कागदावर बोटीची मापं लिहिली आणि विचारलं, "चलाएगा कौन?"

"मैं," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि त्या प्रश्नापुढची जागा कोरीच ठेवली.

दादाने सिंगापूरहून आणलेला कॅटलॉग उघडला. त्यात काचेसारख्या पारदर्शक, कडक कापडाची शिडं होती. त्याला ते कापड हवं होतं. म्हातारबुवा म्हणाले, "यह दिल्ली की धूप में दो साल भी नहीं चलेगा, साहब. सादा पॉलिएस्टर लीजिए." दादा नाराज झाला, पण ऐकलं. पुढचा प्रश्न शिडाच्या पोटाचा. खोल पोटाचं शीड मंद वाऱ्यातही बोट ओढतं, सपाट शीड जोरदार वाऱ्यात आवरायला सोपं जातं. दादा म्हणाला, सपाट, वेगासाठी. मी म्हणाले, दमदम्याला वर्षातले आठ महिने पान हलत नाही, तिथे सपाट शीड घेऊन काय करणार? म्हातारबुवांनी माझ्या बाजूने मान हलवली. दादा मला मराठीत म्हणाला, "तू पुढे बसून एक दोरी धरतेस. तुला काय कळतं त्यातलं?"

"अकरा वर्षं धरलीय. तू किती महिने?"

मग रीफ आली. रीफ म्हणजे शिडाच्या खालच्या भागात आडवी ओळ करून ठेवलेली भोकं आणि त्यात ओवलेल्या आखूड दोऱ्या. वारा वाढला की खालचा पट्टा गुंडाळून त्या दोऱ्यांनी बांधायचा, शीड लहान होतं. बाबांच्या शिडाला ती होती. मी म्हणाले, ती हवीच.

"बिल्कुल नाही," दादा म्हणाला. "बाबा जरा वारा आला की शीड लहान करायचे. आयुष्यभर तेच केलं त्यांनी. सगळंच लहान."

"त्या लहानात तुझं इंजिनीअरिंग झालं."

म्हातारबुवांना मराठी येत नव्हती, पण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले की एवढ्याशा तलावावर रीफ फारशी कामाला येणार नाही, आंधीत ती बांधायला वेळच मिळत नाही. "मगर खिड़की ज़रूर लगवाइए," ते म्हणाले. शिडात खाली एक पारदर्शक तुकडा बसवतात, त्यातून शिडाआडचं पाणी दिसतं. "पाल के पीछे कौन आ रहा है, पता तो चले."

दादाने तोंड वाकडं केलं. पांढऱ्या शिडात प्लास्टिकचा तुकडा म्हणजे ठिगळ, असं त्याचं मत. मला खिडकीचं काही नव्हतं. मला फक्त त्याला हरवायचं होतं. मी म्हणाले, "खिडकी सोडते. रीफ पाहिजे."

"ठीक आहे यार, घे तुझी रीफ."

त्या दिवसात एकमत झालं ते तेवढ्या एका गोष्टीवर, खिडकी नको.

आठवड्याने काही विचारायला मी फरीदाबादला फोन केला तेव्हा कळलं, दादाने परस्पर रीफ रद्द केली होती. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकली, बस पकडली आणि शेडवर जाऊन ती परत घालायला सांगितली. म्हातारबुवा भडकले. "भाई-बहन का मुक़दमा मेरे फ़र्श पर नहीं चलेगा," ते म्हणाले. मी हललेच नाही. शेवटी त्यांनी कागदावर माझी सही घेतली आणि वर बजावलं, यानंतर कोणाचाही फोन आला तरी मी ऐकणार नाही. परतीच्या बसमध्ये उभ्याने येताना मी खूश होते. इतकी खूश मी बढती मिळाली तेव्हाही नव्हते.

शीड आलं ते सुंदर होतं. पांढरंशुभ्र, कोरं, हात लावला की करकरणारं. तलावाकाठी दादाने ते डोलकाठीवर चढवलं आणि भोकांची ओळ पाहिली. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. खिशातून चाकू काढला आणि रीफच्या सगळ्या दोऱ्या एकेक करून कापल्या. कापून झाल्यावर त्यांचा पुंजका पाण्यात फेकला. मी ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "आज सुकाणू मी धरणार. अर्धी बोट माझी आहे." तो पुढे जाऊन बसला.

वारा छान होता. मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या वाऱ्यात मागे बसले होते आणि बोट धावत होती. शीड एका बाजूला भरून उभं होतं, त्यापलीकडचं पाणी मला दिसत नव्हतं. वाकून शिडाखालून पाहत राहायचं काम पुढे बसणाऱ्याचं. इतकी वर्षं ते मीच केलं होतं. दादा टेकड्यांकडे तोंड करून बसला होता.

"खाली बघ," मी म्हणाले.

"तू कॅप्टन ना? तूच बघ."

"दोऱ्या कापायला हात चालतात, मान वाकवायला काय होतं रे तुझ्या?"

आम्ही त्या दोऱ्यांवरून भांडत असतानाच समोरून किंकाळी आली. सहलीला आलेल्या एका कुटुंबाची पॅडलबोट शिडाआडून थेट आमच्या नाकासमोर आली होती. मी सुकाणू ओढलं तोवर आमची बोट तिच्यावर आदळली होती. पॅडलबोटीतल्या बाईंनी धक्का रोखायला हात पुढे केला होता. तो मनगटात मोडला.

दादाच्या गाडीतून आम्ही त्यांना सोहन्याच्या एका दवाखान्यात नेलं. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, त्यांचे यजमान गाडीभर आम्हाला शिव्या देत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, झालं कसं? दादा पुढे झाला. शांत, भारदस्त आवाजात हिंदीत म्हणाला, "बोट मी चालवत होतो. चूक माझी आहे."

त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आधी कधीच आला नव्हता. पॅडलबोटीवर जाऊन आदळेपर्यंतची प्रत्येक गोष्ट मी केली होती. ते माझं होतं. त्याने माझी चूकसुद्धा माझ्यापाशी राहू दिली नाही.

"हा खोटं बोलतोय," मी म्हणाले. "सुकाणू माझ्या हातात होतं."

"ती घाबरलीय. काहीही बोलतेय."

"मी घाबरलेली नाही!"

"तू गप्प बस ना, मी निस्तरतोय."

"तुला कोणी सांगितलं निस्तरायला?"

अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत आम्ही एकमेकांच्या अंगावर जात होतो. खाटेवरच्या बाईंनी बरा असलेला हात वर केला. "आप दोनों बाहर जाकर लड़िए," त्या म्हणाल्या. "मेरा हाथ टूटा है."

आम्ही बाहेर गेलो. पायरीच्या दोन टोकांना उभे राहिलो. प्लास्टर होईपर्यंत सव्वा तास.

पुढच्या आठवड्यात मी एकटी त्या बाईंना भेटायला त्यांच्या घरी गेले. यजमानांनी दार उघडलं आणि आत घेतलं नाही. बाईंनीच आतून हाक मारली, मला बसवलं, चहा दिला. डाव्या हाताने कप पुढे करत त्यांनी विचारलं, "वह आपके सगे भाई हैं?" मी हो म्हणाले. मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकून घेतली. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत आणि मला ते योग्यच वाटलं.

शीड मी फरीदाबादला नेऊन टाकलं. म्हातारबुवांनी काय झालं ते उभ्यानेच ऐकलं, मला चार शब्द सुनावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी कात्री घेतली, गुडघ्यावर बसले आणि शिडाच्या कोऱ्या कापडात खिडकीसाठी हातभर चौकोन कापला. दादा त्यानंतर तलावावर आला नाही. महिनाभराने त्याच्या ड्रायव्हरने एक पाकीट आणून दिलं. कंपनीच्या छापील कागदावर एकच ओळ होती, बोट तुझी, आणि खाली सही. मी तो कागद आईला दाखवला. ती म्हणाली, फोन कर त्याला. मी केला नाही. दिवाळीला तो आला, मी त्याला ओवाळलं, त्याने ताटात पाकीट टाकलं आणि जेवताना आम्ही गुडगावच्या पाण्याच्या टँकरबद्दल बोललो.