भूगोलाची बॅच भरली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टाफरूममध्ये रोज माझ्या डब्यात हात घालणाऱ्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. म्हणजे याला धैर्यही म्हणता येत नाही.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. नीतिशास्त्राचा पेपर माझाच. राहायला शिवाजी पेठेत. फुटबॉलवरून दोन क्लब एकमेकांना भिडले की पेठेतली माणसं मध्यस्थीला मला बोलावतात — सर खरं ते तोंडावर बोलतात म्हणून. आणि मी जातो. ताठ मानेनं जातो.

आर्ट्सला कसं असतं, माहीत आहे ना? सुरुवातीला पोरं तीन-चार विषय घेतात, पुढं त्यातला एक मुख्य होतो. आता त्याला मेजर म्हणतात, तेव्हा स्पेशल म्हणायचे. पदवीला तोच चिकटतो आणि पुढची वाट त्यावरच ठरते. पोरांना हे नीट समजावून सांगायला कॉलेजनं मार्गदर्शनाचं टेबल मांडलं आणि तिथं मला बसवलं. पोरांना एक गोष्ट मात्र कधीच कळत नाही. स्पेशलला पुरेशी पोरं आली नाहीत तर विषय बंद होतो, मास्तर जादा ठरतो, आणि त्याची रवानगी कुठल्या तरी लांबच्या गावी होते. म्हणून दर जूनला आम्ही पोरं ओढतो. चहा पाजून, गोड बोलून, मार्कांची आशा लावून. त्याला आम्ही विभाग जगवणं म्हणतो.

सगळेच ओढतात, मीही ओढलं — इतकंच असतं तर मी आज बोललो नसतो.

महादेवी गडहिंग्लजची. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि डोक्यात फक्त भूगोल. कॉलेजची सहल पन्हाळ्याला गेली तेव्हा बाकीची पोरं फोटो काढत होती, आणि ही तटाखाली वाकून लाल जांभा कुठं संपतो नि काळा दगड कुठं सुरू होतो ते बघत बसली होती. तिला शाळेत भूगोल शिकवायचा होता. दुसरं काही नको होतं तिला. माझा विषय तिनं आपला जोडीला घेतलेला.

त्या जूनला मला एक पोर कमी पडत होतं. नेमकी तेव्हाच ती वडिलांना घेऊन टेबलाशी आली. वडील मिरचीचे व्यापारी, पहिल्या एसटीनं आलेले. मला म्हणाले, "सर, आमास्नी ह्यातलं काय कळत न्हाय. पोरीला मास्तरीण व्हायचं हाय. तुमी म्हणशीला तसं."

भूगोलाला प्रॅक्टिकल असतं, त्यामुळं बॅचला मर्यादा असते. जागा आहे का विचारून येतो, म्हणालो. उठलो — आणि जिन्यापर्यंत गेलो. भूगोल विभाग वरच्या मजल्यावर. मी खालीच कूलरचं पाणी प्यालो, थोडा वेळ उभा राहिलो, परत आलो. "बॅच भरली," म्हणालो.

जागा होत्या. भूगोलाचे सर सकाळीच माझ्याजवळ कुरकुरले होते की यंदा पोरं येईनात.

तिचा चेहरा उतरला. तत्त्वज्ञान घे, म्हणालो. वडिलांनी मला हात जोडले. आणि मला हेही माहीत होतं — हे सांगायलाच जड जातंय — की शाळेत तत्त्वज्ञान शिकवत नाहीत. त्या पदवीवर तिला कुठली शाळा घेणार? इतर पोरांना वर्षानुवर्षं मीच हे बजावत आलो होतो. तिला बजावलं नाही.

माझा विषय टिकला. ती पहिल्या वर्गात पास झाली. नीतिशास्त्रात सगळ्यांत जास्त मार्क तिलाच. मग शाळेत शिकवायचं तिचं स्वप्न त्या पदवीपाशीच अडलं. आता ती वडिलांच्या दुकानात मिरची विकते. एकदा गडहिंग्लजच्या बाजारात गाठ पडली. मिरचीच्या ठसक्यानं पाणावलेले डोळे पुसत, हसत म्हणाली, "माझंच नशीब, सर. बॅचच भरलेली की." मी मान डोलावली. तिनं बळेच माझ्या पिशवीत मिरची घातली, पैसे घेतले नाहीत. घरी तिची चटणी झाली. मी खाल्ली.

यंदाच्या जूनला तिची धाकटी बहीण गिरिजा टेबलाशी आली. म्हणाली, "अक्का म्हणली, सर सांगतील त्योच विषय घे."

आता मला कसली भीती? निवृत्ती तोंडावर आलीय. पोरं आली काय, न आली काय. मी म्हणालो, भूगोल घे, मेजरला भूगोलच ठेव. पोरगी खूश झाली. कागद गोळा करता करता तिनं सहज विचारलं, "मग अक्काला का न्हाय मिळाला, सर?"

आसपास कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. पहिल्या खोट्याच्या मागं निदान नोकरी होती — या वेळी काय होतं?

मी म्हणालो, "त्या वर्षी बॅच भरली होती."

"व्हय की, तीबी तसंच सांगती," ती म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.