गब्बूची झोप आणि माझं घोरणं

त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोघांना एकच आजार झाला होता. एक मी, आणि दुसरा उंदीर.

(उंदीर म्हटलेलं माझ्या भाचीला चालत नाही. तो हॅमस्टर आहे. रंग साजूक तुपातल्या शिऱ्यासारखा, शेपूट नसल्यात जमा, आणि नाव गब्बू. माझ्या आईनं मात्र त्याला पहिल्या दिवशी जे "उंदीर" म्हटलं ते शेवटपर्यंत. तिचं म्हणणं, शेपूट तोकडं असलं म्हणून जात बदलत नाही.)

झालं असं, की माझी धाकटी बहीण रेखा नवऱ्यासोबत आणि लेकीसोबत तिरुपती-रामेश्वरला निघाली. पुण्याहून आधी आमच्याकडं गंगाखेडला आली आणि गब्बूचा पिंजरा माझ्या हातात देऊन पुढं गेली. जाताना तिची लेक आर्वी दारातून परत आली. चौथीतली पोरगी, डोळे भरलेले.

"मामा, मी येईपर्यंत ह्याला काही होऊ देणार नाहीस ना? शप्पथ?"

"अगं वेडे, हजारो एकरांची पिकं वाचवणारा माणूस हाय मी! एवढुसा जीव काय जड हाय?"

माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. शेतकरी वाळलेलं रोपटं आणून काउंटरवर ठेवतात आणि मी नुसतं बघून रोग सांगतो. त्यामुळं जगात कुठलाही जीव कोमेजला, तर तो का कोमेजला हे मला कळतं, असा माझा समज होता. आर्वीनं माझ्यावर विश्वास ठेवला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, ती थेट आमच्या राणीसावरगावच्या शेतात येणार होती आणि तिथंच मी तिचा गब्बू तिच्या हातात देणार होतो.

पिंजरा आम्ही बैठकीत शहाबादी फरशीवर, खिडकीखाली ठेवला. आईला वास येतो म्हणून खिडकी कायम उघडी. थंडी मरणाची पडली होती. घरात आम्ही सगळे स्वेटर, मफलर, कानटोपी घालून फिरत होतो. पण गब्बूची काळजी नव्हती. "त्याला काय, ते कोट घालूनच जन्मलंय," असं मीच सगळ्यांना सांगितलं.

आणि गब्बू झोपला. सकाळी बघावं तर झोपलेला. दुपारी दुकानातून जेवायला यावं तर झोपलेला. पिंजऱ्यात एक चाक होतं, ते तर कधी हललेलं कुणी पाहिलं नाही. पुण्याच्या लोकांनी शोभेसाठी बसवलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं.

त्यात तो जेवेना. माझी बायको सुलभा सकाळी त्याच्या वाटीत ताजं अन्न वाढायची. भाकरीचा तुकडा, भिजवलेली मटकी, काकडीची फोड. दिवसभर वाटी जशीच्या तशी. दिवेलागण झाली की सुलभा ती उचलायची, घासायची आणि पालथी घालून ठेवायची. कारण उष्टं अन्न रात्रभर ताटात ठेवायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे. त्यातून जावई सुटत नाही, तिथं उंदीर कुठला सुटायला!

"अहो, ह्यानं आजबी शिवलं न्हाई बघा. माझ्या हातची चव आवडंना का काय त्याला?"

"नत्र कमी पडलंय," मी म्हणालो. (दुसरं काही सुचलं नाही.)

बातमी गल्लीत पसरली. पाहुणा उपाशी झोपतोय म्हटल्यावर आमच्याकडची माणसं गप्प बसतात होय? जो येईल तो पिंजऱ्यापुढं उकिडवा बसून आग्रह करायला लागला. कुणी हुरडा आणला, कुणी तीळ आणले. शेजारच्या मावशी तर त्याला बोटानं ढोसून उठवायच्या. "उठ रं माय, एक घास खाऊन झोप!" गब्बू एक डोळा उघडायचा, समोर दिसेल ते गालात कोंबायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. दोन्ही गाल टम्म फुगायचे. आईनं ते पाहिलं आणि निदान केलं, "गालफुगी झालीया!" मग तिनं त्याच्या गालांना हळदीचा लेप लावला. शिऱ्याचा रंग जाऊन त्याला पिठल्याचा रंग आला, पण झोप काही गेली नाही.

आता माझ्या आजाराकडं येतो.

गब्बू आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सुलभा चहा आदळून म्हणाली, "रातभर काय घोरायलात हो! खर्र खर्र खर्र! डोळ्याला डोळा न्हाई लागला."

"मी? मी कधी घोरतो?"

पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला. "मलाबी ऐकू आलं बाबा. मला वाटलं, गिरणीच सुरू झाली."

मी लग्न झाल्यापासून एकदाही घोरलेलो नाही. (हे मी झोपेत स्वतः लक्ष ठेवून सांगतोय असं नाही, पण माणसाला आपलं आपल्याला कळतं.) तरीही रोज रात्री तेच व्हायला लागलं. खर्र खर्र सुरू झालं की सुलभा मला कोपर मारायची आणि ओरडायची, "अहो, कुशीवर व्हा!" आणि नवल म्हणजे, ती ओरडली की आवाज त्या क्षणी बंद व्हायचा! याहून भक्कम पुरावा कोर्टातसुद्धा कुणी मागितला नसता. मी कुशीवर व्हायचो, डोळा लागायचा, की पुन्हा कोपर. उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं. तव्यावरची भाकरीसुद्धा एवढ्या वेळा उलटत नाही.

मग उपाय सुरू झाले. सुंठ, मिरे आणि अडुळशाचा काढा. नाकात कोमट तूप. रात्रीचा भात बंद. काढ्यानं माझ्या जिभेची चवच गेली. ताट समोर आलं तरी हात पुढं जाईना. दिवसा काउंटरवर मी बसल्या जागी पेंगायला लागलो. एकदा एक शेतकरी हरभऱ्याचं रोप घेऊन आला.

"शेठ, हरभरा मरायलाय. काय करू?"

मी दचकून जागा झालो आणि म्हणालो, "कुशीवर होतो, होतो!"

त्या बिचाऱ्यानं रोप काउंटरवर आडवं करून बघितलं. मग त्यानं विचारलं, "सगळ्या वावरातला कुशीवर करू का?"

एकूण काय, घरात दोन जीव दिवसभर झोपत होते आणि दोघंही जेवत नव्हते. आई आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघायची. "उंदराचं तुला लागलं का तुझं उंदराला, तेवढं सांग." आर्वीचा रोज फोन यायचा. "मामा, गब्बू मजेत आहे ना?" "लय मजेत हाय!" म्हणताना मी पिंजऱ्याकडं पाठ फिरवायचो.

शेवटी मी पिंजरा घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. मफलर गुंडाळलेल्या कंपाउंडरनं मान वर न करताच सांगितलं, "खोड्यात घाला." (खोडा म्हणजे म्हशीला सुई टोचताना अडकवतात तो लोखंडी सांगाडा. गब्बू त्यातून सहकुटुंब आरपार गेला असता.) डॉक्टर साहेब आले, त्यांनी पिंजऱ्यात डोकावून विचारलं, "दूध कमी झालंय का?"

"साहेब, हा नर हाय."

"हां हां. सवय हो, शेठ. सगळा जल्म म्हशीत गेला." त्यांनी गब्बूच्या अंगाला बोट लावलं आणि म्हणाले, "थंडी लय पडलीय अवंदा. जपा जरा."

"व्हय साहेब, मफलर असल्याबिगर भागतच न्हाई," मी म्हणालो. त्यांना माझी किती काळजी, असं वाटून मला भरून आलं. घरी येऊन मी पिंजरा पुन्हा खिडकीखाली ठेवला आणि स्वतःसाठी दुसरं स्वेटर काढलं.

येळवस उजाडली. सुलभा हसत हसत चहा घेऊन आली.

"रात्री एकदाबी घोरला न्हाईत! काढा लागू पडला!"

आईनं माझ्या हातावर साखर ठेवली. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! ही आनंदाची बातमी गब्बूलाही द्यावी म्हणून मी पिंजऱ्याजवळ गेलो. गब्बू गोळा होऊन पडला होता. हात लावला तर फरशीसारखा गार. हलवलं, फुंकर घातली, हाका मारल्या. काहीच नाही.

मी तिथंच खाली बसलो. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. एवढ्याशा पोरीनं माझ्याकडं शप्पथ मागितली होती आणि मी तिला पिकांच्या बढाया ऐकवल्या होत्या.

सुलभानं डोळ्याला पदर लावला. "माझ्या घरात उपाशी मेलं हो ते. आन पोरगी आजच यायलीय!"

"सणाच्या दिवशी लेकराला रडवू नका," आई म्हणाली. "शेतात नेऊ, बोरीखाली माती देऊ. तिला जेवणं झाल्यावर सांगा. आन त्याला जेवनाच्या टोपलीत ठेवू नका म्हंजे झालं!"

टोपलीत भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या. पिशवीत ताटं होती. मग मी गब्बूला माझ्या जुन्या मफलरात गुंडाळलं आणि दोन्ही स्वेटरांच्या आत, छातीशी धरून ठेवलं. राणीसावरगावपर्यंत जीपमध्ये मी कुणाशीही बोललो नाही.

येळवशीला आमच्याकडं शेतात कडब्याची खोप करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात आणि मग सगळे तिथंच पोटभर जेवतात. पूजा झाली. मी हातात आंबिलाचा तांब्या घेऊन उभा होतो. आंबील म्हणजे आमचं ताकातलं, ज्वारीच्या पिठाचं आंबट पेय. तेवढ्यात ज्वारीतून वाट काढत आर्वी पळत आली. मागं लांब रेखा आणि दाजी.

"मामा! गब्बू कुठंय?"

"जेवल्यावर!" सुलभा माझ्या कानात फिसकारली. पण पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि माझ्या तोंडावर सगळं दिसत असणार.

"आर्वी बाळा," मी घसा साफ केला, "हे ज्वारीचं कणीस बघ. हे येतं, भरतं, पिकतं. आन मग एक दिवस..."

"कणसाचं काय, मामा? गब्बू कुठंय?"

"...एक दिवस त्याची येळ येती, बाळा. मग आपल्या हातात काही..."

आणि माझ्या काखेत काहीतरी वळवळलं!

मी डोळे मोठे केले. खोपीत कडबा, कडब्यात काय असतं? मी किंचाळलो, "इंचू! इंचू! स्वेटरात इंचू!" तांब्या हवेत उडाला, आंबील दाजींच्या नव्या सदऱ्यावर. मी दोन्ही हात वर करून खोपीभोवती नाचायला लागलो. ते जे काही होतं ते काखेतून पोटावर, पोटावरून पाठीवर गेलं. मला गुदगुल्या सहन होत नाहीत, त्यामुळं मी किंचाळता किंचाळता मोठमोठ्यानं हसत होतो. आईनं हात जोडले.

"अंगात आलंय माझ्या लेकराच्या! बोल देवा, काय चुकलं आमचं?"

तिनं पांडवांपुढचा मूठभर अंगारा माझ्या कपाळावर फासला. सुलभा पायाच पडायच्या बेतात होती. (लग्नानंतर पहिल्यांदाच! मी आणखी थोडं नाचायला हवं होतं.) इतक्यात माझ्या गळ्याशी स्वेटरातून दोन मिशा वर आल्या, मग नाक, आणि मग हळदीनं पिवळाजर्द झालेला गब्बू.

"गब्बू!" आर्वीनं त्याला अलगद काढून घेतलं. "हा पिवळा का झालाय?"

सगळे आईकडं बघायला लागले. शेवटी मीच म्हणालो, "अगं, हा तर सकाळी... गार पडला होता."

"थंडी वाजली असेल त्याला. लय थंडी आणि खायला कमी मिळालं, की ते असे गार पडून झोपून जातात. ऊब मिळाली की उठतात." तिनं शेंगदाण्याच्या पोळीचा तुकडा पुढं केला. गब्बूनं तो गालात सारला. "ह्याला रात्री खायला देत होतात ना?"

"रात्री?" सुलभा म्हणाली.

"मामी, तो दिवसा झोपतो आणि रात्री जागतो! रात्रीच जेवतो."

"आन मी रोज दिवेलागणीला वाटी घासून पालथी घालायलेय!" सुलभानं कपाळावर हात मारला.

"आणि रात्रभर चाकावर पळतो. खर्र खर्र आवाज नाही आला तुम्हाला? कुणी ओरडलं की घाबरून थांबतो."

मी हळूच सुलभाकडं वळलो. मग आईकडं. कपाळाला अंगारा, स्वेटरात मफलर गुंतलेला, पण माझ्यासारखा ताठ माणूस त्या दिवशी राणीसावरगावच्या शिवारात दुसरा नव्हता.

"ऐकलंत? खर्र खर्र कोण करत होतं, ऐकलंत?"

"चुकलं हो माझं," सुलभा सगळ्यांदेखत म्हणाली. "उगाच तुम्हाला काढे पाजले."

"आन कोपरं मारली."

"आन कोपरं मारली."

"आन नाकात तूप!"

"ते म्या घातलं, आन ते वाया जात नसतंय," आई म्हणाली.

त्या दिवशी मी इतका जेवलो की दुपारी बोरीखाली आडवा झालो तो उन्हं कलल्यावरच उठलो. दुसऱ्या दिवशी रेखाची मंडळी पुण्याला गेली. गब्बू गेला, पिंजरा गेला, चाक गेलं. जाताना आर्वीनं माझ्या गळ्यात हात टाकले. "मामा, तू त्याला स्वेटरात ठेवलंस म्हणून वाचला." रेखाला दिसू नये म्हणून मान फिरवून मी डोळे पुसले. रात्री भात खाल्ला, काढ्याला नाही म्हणालो आणि निर्दोष माणसाच्या झोपेनं झोपलो.

सकाळी जाग आली तेव्हा अंग कसं ताजंतवानं होतं. स्वयंपाकघरातून सुंठीचा वास येत होता. सुलभा उशाशी उभी होती. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"अहो," ती म्हणाली, "गब्बूचं चाक इथंच राहिलंय का?"