दाराएवढी खांड

खाडीच्या बंधाऱ्याला भगदाड पडलं की आमच्याकडे म्हणतात, खांड गेली. तशी हाक आली की घरटी एक माणूस फावडं घेऊन धावायचा आणि ओहोटी आहे तोवर चिखल-पेंढा कोंबून खांड बुजवायची. हा कुठे लिहिलेला कायदा नव्हता. ज्याच्या घरचं कुणी आलं नाही त्याच्याशी गाव वर्षभर नीट बोलत नसे, एवढंच.

त्या भाद्रपदात हाक आली तेव्हा खांड दाराएवढी होती. बाबा फावडं घेऊन निघाले आणि मी त्यांना अंगणातच अडवलं. मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो. केंद्राचे विषय कोणते, राज्याचे कोणते, हे पोरांकडून घोकून घेतो. ती अक्कल त्या सकाळी मी घरात चालवली.

"बंधारा आता सरकारी आहे, बाबा. आपणच बुजवली तर सरकार विचारेल, खांड कुठाय? मी चॅनेलवाल्यांना फोन केलाय. उद्या भरतीच्या वेळी येतायत. एक दिवस थांबा."

"दाराएवढी हाय तवाच बुजवायची," बाबा म्हणाले. "पाणी काय चॅनेलसाठी थांबतंय व्हय?"

पण थांबले. मी घरोघर फिरून गावालाही थांबवलं. मास्तर शिकलेला, म्हणतोय तर बरोबरच असेल, असं लोकांना वाटलं. मलाही त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. ते आठवलं की अजून शरम वाटते.

चॅनेलवाल्यांनी बाबांना गुडघाभर पाण्यात उभं केलं. ऊन नीट पडेना म्हणून पुन्हा उभं केलं. बातमी दीड मिनिट चालली, दुसऱ्या दिवशी पेपरांत फोटो आला. मग पौर्णिमेचं उधाण आलं आणि खांडीतून बैलगाडी जाईल एवढी जागा झाली. अमावस्येला होडी जाऊ लागली. लोंबीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभंच्या उभं करपलं.

मी अर्जांवर अर्ज लिहिले. राज्याच्या खात्याने कळवलं की बंधारा आमचा, पण त्याच्या पुढ्यात तिवरांची, म्हणजे खारफुटीची, झाडं आहेत, त्यांना हात लावायची परवानगी दिल्लीहून लागते. दिल्लीहून उत्तर आलं की बंधारा हा राज्याचा विषय. फळ्यावर दोन रकाने आखून मी हेच तर शिकवत आलो होतो. आमची शेती त्या दोन रकान्यांमधल्या रेघेवर होती.

तेवढ्यात खाडीकाठी मोठा प्रकल्प येणार अशी बातमी आली आणि जमिनी विकू पाहणाऱ्यांनी एक समिती काढली. त्यात गावातले थोडे, बाहेरचे दलाल जास्त. त्यांचं निवेदन थेट मंत्रालयात पोचलं: इथली जमीन नापीक आहे, ती प्रकल्पाला घ्या. पुरावा म्हणून सोबत पेपरचं कात्रण जोडलं होतं. पाण्यात उभे असलेले माझे बाबा. तो पुरावा मीच तयार करून दिला होता.

प्रकल्प शेवटी दुसऱ्या राज्याने जास्त सवलती देऊन पळवला. समितीही विरली. आमच्या शेतात आता तिवरं डोक्यावर गेली आहेत आणि ती तोडणं गुन्हा आहे.

घरात पहिल्यांदा दुकानाचा तांदूळ शिजला तेव्हा बाबा "मऊ हाय" म्हणाले आणि अर्धा भात ताटात ठेवून उठले.

यंदा शेजारच्या गावाची खांड गेली. तिथले चौघे सकाळीच माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले. माझं मराठी चांगलं आहे, अशी त्यांची समजूत. बाबा ओटीवर बसले होते.

"केवढी हाय?" त्यांनी विचारलं.

"दाराएवढी."

"मंग हितं कशाला आलाव? आधी बुजवा." आणि मला म्हणाले, "माझं फावडं काढ."

फावडं मी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. तरी मी मागच्या पडवीत गेलो आणि उगाच शोधत राहिलो. बाबा चपला घालून अंगणात उभे होते.