डोक्यावर वजन नको

तुळशीराममामा करंजा बंदरातला तांडेल. म्हणजे मालक कुणीही असो, पाण्यात होडी चालायची ती मामाच्या शब्दावर. एकोणनव्वद साली त्याने दर्या सोडला आणि कमळामामीला घेऊन पनवेलला आमच्या शेजारी राहायला आला. तेव्हापासून मच्छी मार्केटात बर्फ फोडतो. मामी त्याच्याशी कामापुरतंही बोलत नाही. दोघांमधला निरोप्या मीच, आणि त्या कामाला माझा जीव अगदी विटलाय.

शहाण्णव साली मद्रासला मामीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. टाके ताजे होते, गाडीचा एवढा लांबचा प्रवास झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. म्हणून आम्ही तिघं विमानात बसलो. तीन आठवडे हॉस्पिटलच्या बाकावर झोपून माझं अंग आंबून गेलं होतं. कधी एकदा पनवेल गाठतो असं झालेलं. आणि नेमकं तेव्हाच मामाने हट्ट धरला, बॅग वरच्या कप्प्यात ठेवायची नाही.

"मामा, सगळे ठेवतायत."

"ठेवू दे. वजन तळाला पायजे. वर चढवलं का होरी कलंडते."

"ही होडी नाही!" मी खेकसलोच.

बॅग फुगलेली, सीटखाली जाईना. मामा ती मांडीवर घट्ट धरून बसला. हवाई सुंदरी आधी गोड बोलली, मग तिचाही आवाज चढला. मागे माणसं तुंबली. कुणीतरी "गावठी" म्हणालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामाच्या हट्टामागचं कारण मला ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी जाळी आणि बर्फ होडीच्या खणात मावेना, तेव्हा मालकाने केबिनीच्या टपावर चढवायला सांगितलं. मामा नको म्हणाला नाही. होडी उलटली. बाकी सगळे हाती लागले, त्यांचा मुलगा सुदाम तेवढा लागला नाही. एकुलता एक, बावीस वर्षांचा. त्यावर मामी तोवर अवाक्षर बोलली नव्हती. तिने एकदा तरी शिव्या घालाव्यात म्हणून मामा आतून झुरत होता.

मामी खिडकीपाशी छातीवर हात ठेवून बसली होती. डोळे न उघडताच ती म्हणाली, "तवा नको म्हनायला पायजे व्हतं. तवा तुमी गप रायलात. त्या गप रान्यानं माझा पोर गेला."

मामाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आता ठेवा ती वर. मी लय दमले. मना घरी जायचंय."

तो उठला, पण त्याला बॅग सोडवेना, शेवटी ती मीच वर ढकलली. मग तो बसला आणि तोंडाला टॉवेल लावून मुंबई येईपर्यंत रडला. मला आधी वाटलं, हा आता कोसळणार. पण हळूहळू त्याचे खांदे सैल पडत गेले. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्याला मिळालं होतं. माफी नव्हतीच ती. मामीने त्याला माफ केलेलं नाही, आणि तो मागतही नाही.