मानांग तिकानं माफ केलं नाही

मासे चिरण्यात मानांग तिकाचा हात धरणारी बाई फिलिपिन्समधल्या आमच्या सान रोके गावात नव्हती. पाठीतून सुरी घालायची, एका झटक्यात मासा पुस्तकासारखा उघडायचा, मीठ चोळायचं आणि बांबूच्या ताटीवर वाळत टाकायचा. खरं नाव एस्कोलास्तिका, पण अख्खं गाव तिला मानांग म्हणायचं, म्हणजे ताई. नवरा समुद्रावर गेला तो परत आलाच नव्हता. घरात ती आणि आठ वर्षांची मेर्ली. तोंडाची फटकळ होती, पण हसरी. माझ्या लग्नात सुक्या मासळीची टोपली हातात देत म्हणाली होती, "नवऱ्याशी भांडलीस की हेच तळ. वासानंच घराबाहेर पळेल मेला."

पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात एका दुपारी मासळी भरमसाट आली आणि बर्फ कमी पडला. तिकानं मेर्लीला कारखान्यावर बर्फाचा निरोप द्यायला पाठवलं. पोर परत आली नाही. दुसऱ्या दिवशी नदीच्या मुखाशी कोळ्यांना सापडली.

लोक म्हणाले, बुडाली. पण तिच्या कपाळाला खोल जखम होती, पायात एकच चप्पल होती, आणि दुसरी चप्पल सापडली ती नदीपासून तीन किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला. त्याच रस्त्यानं दारियो दारू पिऊन जीप उडवत गेला होता, हे अर्ध्या गावानं पाहिलं होतं. दारियो म्हणजे सेन्योर मॅक्सिमोचा एकुलता एक. बर्फाचा कारखाना, धक्का, मासेमारीच्या बावीस बोटी, सगळं सेन्योरचं. त्यामुळे अर्ध्या गावाला अचानक काही आठवेनासं झालं.

तिकानं पोलिसांत दारियोविरुद्ध तक्रार दिली, तसा सेन्योरचा मुनीम तिच्याकडे आला. तक्रार मागे घे, नवी मोटरबोट तुझ्या नावावर करतो, म्हणाला.

"बोट?" तिका म्हणाली. "कुठं जाऊ तिच्यातून? नदीत?"

मी तेव्हा कोर्टात टायपिस्ट होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. पहिल्या तारखेला दारातल्या शिपायानं तिची टोपली तपासली तर केळीच्या पानाखाली मासे चिरायची सुरी. त्यानं ती काढून घेतली आणि माणुसकीनं गप्प राहिला. जिन्यात मी तिला विचारलं, "मानांग, खरंच मारणार होता तुम्ही?"

"हो. पण काढून घेतली ते बरंच झालं बाई. एका झटक्यात सुटला असता. इतक्या स्वस्तात कशाला सोडू?"

तारखा पडत गेल्या. वकील आजारी, न्यायाधीशांची बदली, वादळ, निवडणूक. तिका प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर. दारियोच्या वकिलाचं म्हणणं साधं होतं: अपघात झाला, मुलगी जागीच गेली, पोरगा घाबरला आणि प्रेत नदीत टाकलं. थोडी वर्षं आत काढून सुटला असता. उलट सांगू शकेल असा माणूस एकच होता. जीपमध्ये शेजारी बसलेला कारखान्यातला कामगार, नोर्बेर्तो. आणि तो म्हणत होता, मी झोपलो होतो.

तिकानं आपल्या वाळवणाच्या ताट्या उचलल्या आणि नोर्बेर्तोच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत नेऊन मांडल्या. रोज सकाळी तिथं बसायची, त्याच्या दाराकडे तोंड करून. शिव्या नाहीत, शाप नाहीत. नुसते मासे चिरायचे. नोर्बेर्तोची बायको मागल्या दारानं ये-जा करू लागली. सात महिन्यांनी तो स्वतः बाहेर आला.

"मानांग, उठा ना इथून."

"का? वास येतो?"

"पोरं घाबरतात तुम्हाला."

"तुझी पोरं आहेत तरी घाबरायला. किती रे, तीन ना? मोजत जा रोज रात्री."

"मी काय करू? सेन्योर मला जिवंत ठेवणार नाही."

"मग ठरव, नोर्बेर्तो. तो तुला एकदाच मारील. मी इथं रोज बसणार आहे."

पुढच्या तारखेला तो साक्षीला उभा राहिला. त्याचं बोलणं मी टाइप केलं, शब्दन् शब्द. जीप धडकली. मुलीला मागच्या सीटवर ठेवलं आणि दवाखान्याकडे निघाले. अर्ध्या वाटेत दारियोनं गाडी पुलाकडे वळवली. मेली तर अपघात, जगली तर बोलेल, असं म्हणाला.

सरकारी वकिलानं विचारलं, "तेव्हा मुलगी शुद्धीवर होती?"

नोर्बेर्तोनं आधी तिकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिनं आम्हाला नाव सांगितलं. तिला वाटलं असेल, आम्ही तिच्या घरचा पत्ता शोधतोय. 'मेर्ली, मानांग तिकाची,' म्हणाली."

माझी बोटं थांबली. न्यायाधीशांनीही मला 'लिहा' म्हटलं नाही. तिका मात्र दारियोकडे बघत होती. त्यानं मान खाली घातली, तशी मोठ्यानं म्हणाली, "वर बघ रे. मी इकडे आहे." त्यानंतर, इतके दिवस सेन्योरला भिऊन मोघम बोलणाऱ्या डॉक्टरांनीही सांगितलं की फुप्फुसात नदीचं पाणी होतं, म्हणजे पाण्यात पडली तेव्हा पोर श्वास घेत होती.

सहाव्या वर्षी निकाल लागला. मृत्युदंड. दारियोची आई सेन्योरा ऑरेलिया कोसळली आणि तिका टाळ्या वाजवत उभी राहिली. न्यायाधीशांनी हातोडा आपटला तरी थांबेना. लोकांना ते आवडलं नाही. आईनं रडावं, अशी लोकांची अपेक्षा असते.

मग पाच वर्षं ती वाट बघत राहिली, आणि मनिलात कायदा झाला की या देशात कुणाला फाशी, विषाची सुई, काही द्यायचं नाही. दारियोला जन्मठेप. मृत्युदंड पाप मानणाऱ्या आमच्या पाद्रींनी आनंदानं चर्चची घंटा वाजवली. तिका मासळीचे हात न धुता थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"क्षमा कर, तिका," ते म्हणाले. "तुझंच मन हलकं होईल."

"पाद्री, तुमचं काय गेलंय क्षमा करायला? माझं मन जड आहे तेच बरं. हलकं झालं तर पोर उडून जाईल त्यातून."

त्या दिवसापासून ती चर्चला गेली नाही. त्याऐवजी दर वर्षी मे महिन्यात बोटीनं मनिलाला जायची, तिथल्या मोठ्या तुरुंगात. पहिल्या वर्षी दारियो भेटायला बाहेरच आला नाही. ती तीन दिवस फाटकाशी बसून राहिली. शेवटी आला. काय बोललात, असं मी विचारलं तेव्हा तिनं मला सांगितलं, "या वर्षी ती वीसची झाली असती, म्हटलं. कॉलेजात असती. तुझ्यासारख्याच एखाद्या गाढवाच्या प्रेमात पडली असती. मी तिला बदडलं असतं. असं सगळं सांगितलं. रडला. माफी मागितली."

"मग?"

"म्हटलं, माफी राहू दे तुझ्याकडेच. तू फक्त ऐक."

आठ वर्षं ती जात राहिली. दर वर्षी मेर्ली एका वर्षानं मोठी व्हायची. नोकरीला लागली, लग्न झालं, पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली. दारियोला ते सगळं ऐकावं लागायचं.

मग त्याला यकृताचा आजार झाला. घरी सोडावं म्हणून अर्ज गेला. मुलीच्या आईची हरकत आहे का, असं विचारणारा कागद आमच्या कोर्टात आला. सेन्योर केव्हाच वारला होता. सेन्योरा ऑरेलिया तिकाच्या अंगणात आली, आणि पांढऱ्या केसांची ती बाई खारट चिखलात गुडघ्यांवर बसली.

"तूही आई आहेस, तिका."

"होते," तिका म्हणाली. "उठा सेन्योरा, कपडे खराब होतील."

मी कागद पुढे केला. तिनं 'हरकत आहे' एवढंच लिहायला सांगितलं आणि सही केली. त्या सहीसाठी मी तिला मनातून दोष दिला. आज देत नाही. पण बरोबर केलं, असंही माझ्या तोंडून निघत नाही.

चार महिन्यांनी दारियो तुरुंगाच्या दवाखान्यात मेला. शवपेटी बोटीनं धक्क्यावर आली तेव्हा तिका तिथं उभी होती. "उघडा," म्हणाली. लोक खवळले. सेन्योरानं हात वर करून त्यांना गप्प केलं आणि झाकण काढायला लावलं. तिकानं वाकून नीट पाहिलं, आजारानं चिपाड झालेलं तोंड ओळखायला जरा वेळ लागला. "तोच आहे," म्हणाली आणि वळली.

मी तिच्या मागोमाग गेले. "झालं ना मानांग? आता तरी शांत वाटतंय?"

ती चालता चालता थांबली. चेहऱ्यावर राग होता, पहिल्या तारखेला होता तेवढाच.

"कसलं शांत? एवढ्यात मेला! पन्नाशीसुद्धा गाठली नाही. मेर्लीचं दुसरं बाळ अजून सांगायचं होतं त्याला."