संध्याकाळचं वाक्य

आमचे काका किल्ल्या बनवतात. गल्लीच्या तोंडाशी खोक्याएवढं दुकान आणि हट्ट मात्र हत्तीएवढा. घाई केली नाही तर कुठलंही कुलूप उघडतं, असं ते म्हणायचे. काकू आजारी पडली आणि हा हट्ट घरी आला.

काकू परमुलखातली. लग्न होऊन आली आणि आमची भाषा अशी शिकली, की भांडणात शब्द आम्हालाच शोधावे लागायचे. मग अर्धांगाचा झटका आला आणि ती भाषा पार पुसली गेली. उरली तिची लहानपणची, जी आमच्यात कुणालाच येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. तिच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं आणि तिचं अडखळतं बोलणं मोबाइललाही कळेना.

दिवेलागणीला ती काकांकडे बघून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायची. उत्तर मिळालं नाही की रडकुंडीला यायची.

"काहीतरी मागतेय गं, आणि मी ठोंब्यासारखा बसून राहतो," काका मला म्हणाले.

तिच्या ट्रंकेत तिच्या भाषेतली लहान मुलांच्या गोष्टींची पुस्तकं होती, एक जुना शब्दकोशही होता. काका दुकानात तेच वाचत बसायला लागले. अडलेला शब्द किल्लीच्या बिल्ल्यावर लिहून हाताजवळच्या खुंटीला अडकवायचा. आठवला तर एक खुंटी पुढे, विसरला की परत पहिल्या खुंटीवर. गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि काका बिल्ले चाळत पुटपुटतायत.

पण पुस्तकं पोरांची. राजा, कोल्हा, राक्षस तोंडपाठ झाले, आणि काकूच्या मानेखालची उशी सरकली तरी विचारता येईना. मी चिडले.

"काका, आधी उशीला काय म्हणतात ते शिका. राक्षस काय करायचाय?"

"गोष्टीतला शब्द डोक्यात राहतो. नुसता पाठ केलेला सकाळपर्यंत टिकत नाही. काय करू?" त्यांचा आवाज पार पडला होता.

हळूहळू त्या वाक्यातलं 'घर' सापडलं. मग एका गोष्टीत आई दारात उभी होती, तिथे 'वाट बघणं' सापडलं.

त्या संध्याकाळी मी तिथेच होते. काकू बोलली आणि काकांचा चेहरा उतरला.

"कळलं?" मी विचारलं.

"सगळं कळलं. म्हणतेय, तुम्ही फार भले आहात, पण आता घरी जा. तुमची बायको वाट बघत असेल."

काकांनी मोडक्यातोडक्या शब्दांत तिला सांगितलं, की मीच तुझा नवरा. ती घाबरून भिंतीकडे सरकली. तेव्हा ते उठले, चपला घातल्या, तिच्या भाषेत तिचा निरोप घेतला आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

आता रोज असंच करतात. तिला झोप लागली, की हळूच आत येतात.