सानगडीचा थांबलेला माग

सानगडीला जायचं चार वर्षं टाळलं. कामाची सबब होतीच. खरं म्हणजे सुधीरच्या बाबांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. २०२४च्या दिवाळीनंतर मात्र निघालो.

सुधीर माझा हॉस्टेलचा दोस्त. युरोपातल्या फुटबॉल क्लबांची मोठी स्पर्धा आम्ही एकत्र बघायचो, फ्रान्सच्या एका संघासाठी जगाशी भांडायचो. कोरोनाच्या वर्षी ती मधेच थांबली आणि ऑगस्टमध्ये लिस्बनच्या रिकाम्या स्टेडियमात संपली. आमचा संघ फायनलला पोचला, त्याच आठवड्यात, सामन्याच्या आधीच, सुधीर आजारपणात गेला. मी मयतीलाही गेलो नाही.

नागपूरहून साकोलीची सकाळची एसटी घ्या, तिकीट दोनशेच्या आसपास. शहापूर सुटलं की दोन्हीकडे कापणीला आलेला धान. साकोलीला तर्रीपोहे खाऊन लाखांदूरकडची बस पकडली आणि सानगडीला उतरलो.

सुधीरच्या पडवीत दोन माग. एकावर काकू, म्हणजे सुधीरची आई, लुगडं विणत होत्या. दुसऱ्यावर आमच्या संघाच्या निळ्या-तांबड्या रंगांच्या सुताचा अर्धवट पट्टा, वर जुनं धोतर झाकलेलं.

"सुधीरचा मफलर," काका म्हणाले. "शेवटी शेवटी तो म्हणे, जिंकले तं दातेरी करवती काठ टाकजा, हरले तं साधा. निकाल माह्या दोस्तालेच विचारजा म्हणे. तू आलाच नाही बाप्पा."

"कोणीही सांगितलं असतं, काका."

"दुसऱ्याले काहून विचारू? पोरानं तुयं नाव सांगतलं होतं. अन् मागावरचा अर्धा ताणा आम्ही कापत नाही."

माझ्यापायी एक माग चार वर्षं अडला होता. लाज वाटली. 'जिंकलो' म्हणणं किती सोपं होतं! काकूंचा हातही थांबला होता.

"हरलो, काका. एका गोलनं."

"बरं," म्हणाले आणि मागावर बसले. साधा काठ विणायला दुपार झाली. मी शेजारीच बसून होतो. पट्टा कापून माझ्या हातात दिला, तेव्हा कुठे ते रडले. मग काकूंनी वरणभात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे वाढले.

घरी आल्यापासून दर रविवारी फोन करतो. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या संघानं तोच कप जिंकला. सकाळीच काकांना फोनवर कळवलं.

मागे काकूंचा माग चालू होता.

"हे आता त्याले कोण सांगन?" ते म्हणाले.

फोन दोघांनीही ठेवला नाही.